वाळला की उतरतो

सारजाबाईंच्या हर्सूलच्या नव्या घरात भिंतींना कोणता रंग द्यायचा यावर एवढं बोलणं झालं होतं, की नुसत्या तोंडच्या वाफेनंच भिंती रंगायला हव्या होत्या. सून सोनिया राखाडीवर अडून बसली होती. तिनं मोबाइल सासूच्या नाकाशी धरला.

"आत्याबाई, बघा तरी. आता सगळ्यांकडं हाच असतो."

"चुलीतली राख उकिरड्यावर टाकण्यात माझी निम्मी हयात गेली," सारजाबाई म्हणाल्या. "आता तीच विकत आणून भिंतीला फासू व्हय?"

"मग तुम्हाला कोणता पाहिजे?"

"केशरी."

सारजाबाईंनी हा शब्द तराजूत वजन टाकावं तसा टाकला. त्यांचे यजमान नानासाहेब पेपर वाचत होते, ते आणखी खाली वाकून वाचायला लागले. बायको असं एकाच शब्दात बोलली की मधे पडायचं नसतं, एवढी अक्कल त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी आली होती.

आता केशरीच का, तर त्यालाही कारण होतं. सारजाबाई लग्न होऊन पिशोरला आल्या तेव्हा घराच्या भिंती निळ्या होत्या. सासूबाईंना नीळ आवडायची. सासूबाई गेल्या, तरी भिंती निळ्याच राहिल्या, कारण नानासाहेब म्हणाले, आईचा रंग आहे. दर दिवाळीला चुन्याची कळी विरवायची सारजाबाईंनी, नीळ कालवायची सारजाबाईंनी, कुंचा मारून खांदे दुखवायचे सारजाबाईंनी, आणि रंग मात्र सासूचा. जन्मात एक भिंत तरी आपल्या मनाची असावी, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायला त्या काय रडक्या होत्या?

मुलगा इंद्रजीत वाळूजच्या कंपनीत रोज दोन पाळ्यांची भांडणं मिटवायचा. घरचं भांडण त्यानं तसंच मिटवलं. "हॉल मायच्या पसंतीनं होऊ द्या. बाकीचं मग बघू."

"मग बघू कामून?" सारजाबाई म्हणाल्या. "आत्ताच ठरवा. रविवारी सोनियाची आई घर बघायला येणार हाय ना? तिलाच विचारू. तिला रंग आवडला, तर अख्खं घर माझ्या शब्दानं रंगंल. नाय आवडला, तर हॉलसकट सगळ्याला तुमची राख फासा. मी परत ह्या घरात कशात तोंड घालायची नाय."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ते जरा जड वाटलं. पण सुटलेला शब्द नि सांडलेलं दूध, दोन्ही पुसता येतात, भरता येत नाहीत. सोनिया लगेच म्हणाली, "चालेल." आपल्या आईची आवड तिला पक्की ठाऊक होती.

टीव्ही सेंटर भागातल्या रंगाच्या दुकानात सारजाबाई स्वतः गेल्या. दुकानदारानं रंगांची पट्टी पुढं केली. एक केशरी त्यांना पसंत पडला. झेंडूच्या फुलावर जरा दूध सांडावं, तसा मऊ होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाच. पण ह्याच्या दुप्पट गडद करून द्या."

"अम्मा, दुप्पट कायकू?" दुकानदार म्हणाला. "येच अच्छा है ना."

"वाळला की उतरतो," सारजाबाई म्हणाल्या.

इथंच माशी शिंकली. चुन्याचं तसंच असतं. ओला असताना निळा दिसतो तो मोराच्या मानेसारखा, आणि वाळला की धुतलेल्या धोतरासारखा. म्हणून चुना नेहमी दुप्पट गडद कालवायचा, ही त्यांची उभ्या जन्माची विद्या. डब्यातल्या रंगाला ही विद्या कुणी शिकवली नव्हती.

"अम्मा, ये चुना नहीं है. जैसा लगायेंगे वैसाच रैता. इससे गडद किये तो आँखां दुखते, मैं बोल दे रहा हूं."

"तुमचं दुकान कधीचं?"

"अब्बा के टाइम का."

"आणि मी भिंती रंगवते सासूच्या टाइमपासून. करा गडद."

रंगारी कडुबानंही पहिला हात मारून झाल्यावर कुंचा थांबवला. "आजी, लई भडक होऊ लागलंय."

"ओला हाय म्हणून दिसतंय. मार दुसरा."

"आजी, ह्यो उतरत नसतो. उलट जराक चढतो."

"तुझं नाव कडुबा ठेवलं ते बरोबरच ठेवलं. मार!"

कडुबानं दुसरा हात मारला, हात धुतले आणि गेला. जाताना त्यानं हॉलकडं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडदे सारले, आणि सकाळचं ऊन आत आलं. ते आलं ते साधंसुधं, पण भिंतीला लागून परत फिरलं तेव्हा त्याच्या अंगात आलं होतं. पांढरा सोफा केशरी झाला. ज्वारीची भाकरी मक्याची दिसायला लागली. दुधात पत्ती टाकायच्या आधीच चहा झाल्यासारखा वाटायला लागला. नात अपेक्षा हॉलमध्ये बसून मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मैत्रिणीनं घाबरून विचारलं, "तुला कावीळ कधी झाली गं?"

"सांग तिला, आजीच्या भिंतीचं तेज हाय," सारजाबाई आतून ओरडल्या.

नानासाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. तो काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "मला तर रंग बरोबर वाटतो," ते म्हणाले, आणि त्यानंतर तो चष्मा त्यांनी फक्त अंघोळीला उतरवला.

"आत्याबाई," सोनियानं गोड आवाजात विचारलं, "वाळला का हो?"

"वाळंल की. नवी भिंत हाय, पाणी धरून ठेवते."

परवा विचारलं. "वरून वाळलाय. आतून ओला हाय."

तेरवा विचारलं. "हवा दमट हाय जरा." त्या आठवड्यात हवा अशी कोरडी होती, की वाळत घातलेल्या पापडांना तडे जात होते. पण सासूपुढं हवामान काढायची हिंमत सोनियात नव्हती.

खरं सांगायचं तर सारजाबाईंचं स्वतःचंच डोकं त्या रंगानं उठलं होतं. दुपारी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत केशरीच. शेवटी त्या जिन्यात चटई टाकून झोपायला लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिथं वारं लागतं." जिन्याला खिडकी नव्हती. पण चुकलं म्हणायचं कसं? आज भिंत चुकली म्हटलं की उद्या आमटीतलं मीठ चुकतं, आणि परवा घरात पाहुणा आला तर आपल्याला न विचारताच त्याचा चहा होतो. हे त्यांनी आपल्या सासूचं होताना पाहिलं होतं. केलं कुणी, हे मात्र विचारू नका.

रविवार उजाडला. सोनियाच्या आई आशाबाईंचा फर्दापूरहून फोन आला होता, की माहेरची माणसं येणार आहेत, जमलं तर त्यांनाही घेऊन येते. सारजाबाईंनी पुरण घातलं, येसरची आमटी केली, भज्यांचं पीठ भिजवलं. मांडववाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलं आणून हॉलमध्ये ओळीनं लावली. त्यावर स्टीलचे तांबे-पेले. दाराशी नानासाहेब, टोपी आणि काळा चष्मा घालून, पुढं बडीशेपेची वाटी घेऊन. आशाबाई बसनं येणार म्हणून इंद्रजीत आणि सोनिया गाडी घेऊन टी पॉइंटच्या बस थांब्यावर गेले. घर अजिंठ्याच्या रस्त्याला लागून, फाटक सताड उघडं, आणि मोठ्या खिडकीतून तो हॉल पेटलेल्या भट्टीसारखा रस्त्यावर फाकत होता.

थोड्या वेळानं एक जीप थांबली आणि पाच-सहा जण उतरले. सारजाबाई पदर सावरत पुढं झाल्या. पाहुण्याला दारात 'तुम्ही कोण' असं विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आपण अंदाजानं ओळखायचं आणि पाणी पुढं करायचं.

"या, या. दमला असाल. लांबून आलात?"

"बार्शीहून. पहाटेच निघालो," पुढचा जाडजूड गृहस्थ म्हणाला. आशाबाईंचं माहेर तिकडंच कुठंतरी होतं. जुळलं.

"बाकीची मंडळी?"

"बायका मागच्या गाडीत आहेत. येतीलच." आशाबाई त्यांच्यात असणार. तेही जुळलं.

गृहस्थानं खुर्चीत बसून भिंतीभर नजर फिरवली. "लांबूनच रंग दिसला बघा. ड्रायव्हरला म्हणलं, थांबव, आपल्याला इथंच जेवायचं."

सारजाबाईंची छाती फुगली. "अपेक्षा!" त्या स्वयंपाकघराकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या. "ऐकलं का गं? रंग दिसला म्हणतात! तुझ्या मम्मीला सांग आल्यावर."

"काय काय आहे जेवायला?" गृहस्थानं विचारलं.

प्रश्न जरा आगाऊच होता. मुलीकडची माणसं, आणि हा तोरा! पण आज निकाल त्यांच्या घरच्या बाईच्या हातात होता. सारजाबाईंनी राग गिळला. "पुरणपोळी, आमटी, भजी, कुरडया."

"म्हणजे थाळी."

"थाळीच की. केळीची पानं मिळाली नायत."

"आणि पोळी कितीदा मिळेल?"

"पोटात जागा असंपर्यंत."

मंडळी खूश झाली आणि बाह्या सारून बसली. एकानं ताट उलटंपालटं करून बघितलं. "मावशी, हे जरा पुसून द्या." सारजाबाईंनी पुसून दिलं. दुसरा म्हणाला, "बाटलीचं पाणी नाही का?" सारजाबाईंनी माठातलं दिलं आणि त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं तिथल्या तिथं दोन पेले रिकामे केले. तिसऱ्यानं नानासाहेबांना हाक मारली, "मालक, पंखा वाढवा की!" आपल्याच घरात आपल्याला कुणी मालक म्हटल्याचं नानासाहेबांना आठवत नव्हतं. ते लगबगीनं उठले आणि पंखा वाढवून आले.

तेवढ्यात दुसरी जीप आली. तिच्यातून नुसत्या बायका उतरल्या. सारजाबाईंनी एकेकीचं तोंड बघितलं. आशाबाई नव्हत्या. पण पाट मांडल्यावर मोजणी कसली करायची? बसा म्हणाल्या. मग फाटकाशी मोटारसायकलवर एक जोडपं थांबलं, गर्दी बघून आत आलं आणि नानासाहेबांना विचारलं, "पार्सल मिळेल का?" सारजाबाईंना वाटलं, काय बाई ही माणसं, बांधून न्यायचं पण आधीच विचारतात! पण दोघांनाही बसवलं.

"आजी, पुरण संपलं," अपेक्षा घामाघूम होऊन दारात आली.

"मग पिठलं टाक."

"आजी, ही सगळी आपली माणसं आहेत?"

"मम्मीच्या आईच्या माहेरची हायत. खादाड आहेत, पण रंगाची पारख हाय त्यांना."

पिठल्याला फोडणी बसली आणि दारात इंद्रजीतची गाडी थांबली. बस वाटेत बंद पडल्यानं आशाबाईंना उशीर झाला होता. त्या, सोनिया आणि इंद्रजीत चपलांचा ढीग ओलांडून आत आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"आत्याबाई," सोनिया कुजबुजली, "ही कोण माणसं?"

"कोण म्हणजे? तुझ्या आईच्या माहेरची! मामा-मावश्या ओळखंना का तू?"

"माझ्या माहेरची?" आशाबाई म्हणाल्या. "इहीणबाई, माझी माणसं तर कालच्या गाडीनं परत गेली. मी एकटीच आले."

आणि नेमका त्याच वेळी तो जाडजूड गृहस्थ बडीशेप चघळत आला. "मावशी, जेवण एक नंबर! बिल करा. आणि ऑनलाइनचा स्कॅनर कुठं लावलाय?"

हॉलमधले घास हातातच राहिले. फक्त पंखा फिरत राहिला.

"कसलं बिल?" सारजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे... हे हॉटेल नाही?"

"हाटेल? माझ्या घराला हाटेल म्हणतो? पोळीवर तूप वाढलं ते हाटेलात वाढतात व्हय रं? ताट पुसून दिलं मी तुझं!"

गृहस्थ शरमेनं लाल झाला असणार, पण त्या हॉलमध्ये लाल होणंही कुणाला जमत नव्हतं. "काकू, माफ करा. हा रंग बघितला, खुर्च्या बघितल्या, गल्ल्यावर मालक बसलेले... कुणालाही तसंच वाटेल हो." त्यानं खिशाला हात घातला.

"हात काढ बाहेर," सारजाबाई गरजल्या. "माझ्या दारात जेवलेल्या माणसाकडून पैसं घेतले, तर पिशोरची माती माझं नाव घ्यायची नाय." मग त्यांनी त्या सगळ्या बायकांना ओळीनं बसवून हळदीकुंकू लावलं, आणि मगच सोडलं. मोटारसायकलवाल्यांना पिठल्याचा डबा बांधून दिला. अपमान झाला म्हणून रीत मोडायची नसते.

जीप गेल्या. सारजाबाई मटकन खुर्चीत बसल्या. संपलं. ज्या घराला दोन जीप माणसं हॉटेल म्हणून गेली, त्या घराच्या रंगाचा निकाल आता विचारायचा तरी कशाला? सोनिया मात्र विचारायला उतावीळ झाली होती. "आई, आता तूच सांग. हा रंग कसा आहे? खरं सांगायचं."

आशाबाई तशाच बाहेर गेल्या. रस्त्याच्या पलीकडं जाऊन घराकडं पाहिलं. अलीकडून पाहिलं. वाकून पाहिलं. दोन एसटी आणि एक ट्रक जाऊ दिला, त्यांचे ड्रायव्हर कुठं बघतात ते पाहिलं. मग आत आल्या आणि सारजाबाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"इहीणबाई, ह्या रंगाला तोड नाय."

"आई!" सोनिया ओरडली.

"तू गप. तुला धंद्यातलं काय कळतं? फर्दापूरला आमचं भोजनालय लेण्यांच्या वाटेवर. पाटी लावली, लायटिंग केलं, तरी गाड्या समोरून सुसाट जातात. आणि इहीणबाईंकडं पाटी नाय, भट्टी नाय, नि लोक येऊन ताटावर बसले! अहो, रंग असावा तर असा. आमच्या भोजनालयाला हाच द्यायचा. इहीणबाई, तुम्हीच चला माझ्यासंगं. ह्या कामाला जाणतं माणूस पायजे."

सारजाबाई जिंकल्या होत्या. इंद्रजीत हळूच म्हणाला, "मग माय, शब्दाप्रमाणं अख्खं घर ह्याच रंगात. उद्याच कडुबाला बोलावतो. स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, जिना..."

"जिना पण?" सारजाबाईंनी जिन्यातल्या चटईकडं पाहिलं. एवढी एकच झोपायची जागा उरली होती. "घाई काय हाय? आधी हा तर वाळू दे."

फर्दापूरला त्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या. आशाबाईंनी आग्रह करायच्या आधीच पिशवी भरलेली होती. उरलेल्या रंगाचा डबाही त्यांनी गाडीत ठेवून घेतला. फाटकाशी त्या थांबल्या आणि सुनेला बाजूला घेतलं.

"सोनिया, मी आठ दिवस नाय. तवर हा रंग वाळला पायजे."

"पण आत्याबाई, वाळला तर आहे तो कधीच."

"नाय वाळला," सारजाबाई एकेक शब्द दाबून म्हणाल्या, आणि तिच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत राहिल्या. "वाळायला काय लागंल ते करा. खिडक्या उघडा, कडुबाला बोलवा, काय वाट्टंल ते करा. कसा वाळवला हे मला सांगायचं नाय. पण मी येईन तवा वाळलेला पायजे."

सोनियानं सासूकडं पाहिलं. बँकेत एवढी वर्षं काढलेली बाई ती. मॅनेजर काय म्हणतो आणि त्याला काय हवं असतं, हे तिला कळायचं. "बरं, आत्याबाई," ती म्हणाली. "वाळवते."

आठवड्यानं सारजाबाई फर्दापूरहून परत आल्या. भोजनालय दुरून पेटल्यासारखं दिसत होतं, पहिल्याच दिवशी पर्यटकांच्या तीन बस थांबल्या होत्या, आणि आशाबाईंनी गल्ल्यावर इहीणबाईंच्या हातून नारळ फोडून घेतला होता. हे सगळं सांगत सांगत त्या उंबऱ्यात आल्या आणि तिथंच थांबल्या.

हॉल निवला होता. झेंडूच्या फुलावर जरा दूध सांडावं, तसा मऊ केशरी. दुकानातल्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं होतं, तोच. ऊन आत येऊन शहाण्यासारखं बसलं होतं. सोफा पांढरा होता. नानासाहेबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. सोनिया राखाडीवर हट्ट धरू शकली असती. धरला नव्हता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिच्या कोपरावर एक छोटासा केशरी ठिपका राहून गेला होता.

"वाळला, आत्याबाई," ती म्हणाली.

सारजाबाई भिंतीजवळ गेल्या. एक बोट टेकवलं. बोटाला गार, ओला रंग लागला. त्यांनी मागं न वळता, कुणाला दिसणार नाही असं, पदराच्या आतल्या बाजूला ते बोट पुसलं.

"म्हणलं नव्हतं?" त्या सगळ्यांकडं वळून म्हणाल्या. "वाळला की उतरतो. माझं कुणी ऐकतच नव्हतं."

"तुमचंच खरं झालं," इंद्रजीत म्हणाला. नानासाहेबांनी पेपर आणखी वर धरला, पण पेपर हलत होता.

"ये गं इकडं," सारजाबाईंनी सुनेला हाक मारली, आणि पदराच्या कोरड्या टोकानं तिच्या कोपरावरचा ठिपका पुसून काढला. "आता स्वयंपाकघराचं बघू. रंग तुझ्या मनाचा घे. राखेचा घेतलास तरी चालंल, पण एक ध्यानात ठेव."

"काय, आत्याबाई?"

"दुकानातून आणतानाच वाळलेला बघून आण."